छंद : वाचन

लग्नाच्या बायोडाटात 'छंद : वाचन' असं ठोकून देणाऱ्या पोरींना माझं एकच सांगणं आहे. भरतकाम लिहा. भरतकामावरून आजवर कुणाचं स्थळ मोडलेलं ऐकलं नाही.

माझं मोडता मोडता राहिलं. मोडलं असतं तर मी रडून घर डोक्यावर घेतलं असतं, कारण ते स्थळ माझं मीच शोधलेलं होतं. कोल्हापुरात आम्ही दोघं एकाच ऑफिसात. पण दोन्ही घरांत प्रेमविवाह म्हटलं की जेवणं बंद, म्हणून मावशीला मध्ये घालून आम्ही ते 'सांगून आलेलं स्थळ' करून टाकलं. जात, पत्रिका, पाहुणेरावळे, सगळं तपासलं. दोघांचे वडील काय वाचतात, एवढंच तपासायचं राहिलं.

माझे वडील, आण्णा, गडमुडशिंगीत म्हशी राखतात आणि जन्मभर एकच कादंबरी वाचतात. परदेशी लढाईवरची, मराठीत आणलेली, कव्हर कधीच गळून पडलेली, आता रबरबँडवर जगणारी. सहा सैनिक शत्रूच्या मुलखात घुसून दारूगोळ्याचं कोठार उडवायला निघतात. डोंगरात एकाचा गुडघा मोडतो. म्होरक्या त्याला धनगराच्या झोपडीत ठेवतो, उशाला बाटलीभर पाणी ठेवतो आणि 'परत येतो' म्हणून निघतो. कोठार उडतं, लढाई जिंकतात, म्होरक्या काही परत येत नाही. मी ही गोष्ट भाकरीच्या प्रत्येक घासाबरोबर ऐकत मोठी झाले. पुस्तक मात्र उघडून बघितलं नाही. कशाला बघू?

बघायला यायच्या दिवशी मावशीनं मला दम दिला. आमच्याकडं पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पण मावशी चार वर्षं पुण्यात राहून आलेली. "येते म्हणायचं, जाते म्हणायचं. गावंढळपणा नको," म्हणाली. मी आरशासमोर 'येते, जाते' घोकलं. परीक्षेलासुद्धा एवढं घोकलं नव्हतं.

पाहुणे हातकणंगल्याचे. मुलाच्या वडिलांचं खताचं दुकान, आवाज बैलगाडीवरून हाक मारल्यासारखा. पोह्यांची बशी हातात घेत त्यांनी विचारलं, "वाचन लिवलंय न्हवं? काय वाचलंस अलीकडं?"

झालं. डोक्यात अक्षर उमटेना. नजर गेली टीव्हीखालच्या रबरबँडवर, आणि मी आण्णांच्या कादंबरीचं नाव सांगून मोकळी झाले.

"आयला!" पाहुणे उठून उभेच राहिले. "आवं, त्ये तर माझं पुस्तक!"

"तुमचं कसं? माझं हाय की त्ये!" आण्णा म्हणाले, आणि दोघं शाळासोबती भेटल्यासारखे एकमेकांचे हात धरून बसले. माझा तो बशीआडून हसला. मला वाटलं, जमलं आपलं.

"फकस्त एक हाय बगा पावणं," त्याचे वडील म्हणाले. "त्या गड्याला झोपडीत सोडून जायाला नगं हुतं."

आण्णांच्या कपाळाची शीर उडायला लागली. ती मला बालपणापासून ओळखीची आहे. "मग काय, पालखीतनं न्यायचा? तिकडं हजारो जीव जाणार, आणि हा ह्याला खांद्यावर घिऊन हिंडणार?"

"हिंडायचं! आपला माणूस हाय त्यो!"

"लढाई हाय, जत्रा न्हाय!"

"आणि 'परत येतो' म्हणला त्ये? शब्दाला काय किंमत?"

मावशी "पोहे घ्या, पोहे घ्या" करत दोघांच्या मधून फिरत होती. कुणी घेईना. शेवटी पाहुण्यांनी बशी आदळली. "आपला माणूस टाकून जाणारा ज्यांस्नी बरोबर वाटतो, त्यांच्या घरात आमची सोयरीक न्हाय. उठा रं!"

माझा तो उठून उभा राहिला, बापाच्या मागे, बूट शोधत. मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. एवढी वर्षं मिसळ खाल्ली माझ्याबरोबर, आणि आता बूट शोधतोस?

उठल्या नाहीत फक्त त्याच्या आई.

"ऊठ की गं!" पाहुणे ओरडले.

"न्हाय उठवत. गुडगा धरलाय माझा," त्या सोफ्यात आणखी रुतत म्हणाल्या. "तुमी व्हा म्होरं. मला हितंच ठेवा. उशाला बाटलीभर पाणी ठेवा, आणि 'परत येतो' म्हणा, म्हंजे झालं."

पहिली हसली माझी आई. मग मावशी पुणं विसरून फिदीफिदी हसायला लागली. पाहुणे दारात तसेच थांबले, आणि मग मुकाट्यानं येऊन बायकोशेजारी बसले. काय करणार? आपला माणूस टाकून जाता येईना.

"वाचलंय तुम्ही पुस्तक?" मी त्याच्या आईंना विचारलं.

"कशाला वाचू? लगीन झाल्यापासनं जेवताना ऐकतोय की. एक बी बाई न्हाय त्यात. सैपाक कोण करतंय त्या सा जणांचा, कुणास ठावं. जा, पोहे गरम करून आण."

त्या दुपारी मुलापेक्षा सासूच जास्त आवडली मला.

लग्न झालं. व्याह्यांचं भांडण काही मिटलं नाही. अक्षता पडल्यावरसुद्धा मांडवाच्या खांबाला टेकून दोघांचा गुडघा आणि झोपडी चालूच. आण्णा दिवसभर रडले नाहीत. पाहुण्यांना वाढत होते, वाजंत्रीवाल्याला झापत होते. पाठवणीच्या वेळी मी गाडीत बसले तरी ते लांब, मंडपातल्या खुर्च्या रचत उभे. मी काच खाली करून हाका मारल्या तेव्हा कुठं आले. शेजारी मावशी उभी होती, पण घोकलेलं 'येते-जाते' मी पार विसरले.

"आण्णा, जातो मी," मी म्हणाले. "परत येतो."

त्यांनी दारावर हात ठेवला, आणि तोंड फिरवून म्हणाले, "त्यो बी असंच म्हणून गेलता."