मंदाच्या आवाजाची परवानगी

होकार गोळा करायला दारोदार फिरलं की होकार येतात थोडे, किस्सेच लई जमतात.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी परळीच्या सुहासदादांच्या ॲपला आपापले आवाज दिलेत. लिहिलेलं काहीही टाका, जिचा आवाज निवडाल तिच्या आवाजात ॲप वाचून दाखवतं. माझ्या परीला दिसत नाही, ती त्याच्यावरच शिकते. तिला मंदाचाच आवाज लागतो. दुसरा लावला की रुसून बसते.

ॲप फुकट, त्याचा कोडही सगळ्यांना खुला. पण लायसनची अट अशी, की जो ते घेऊन पुढं काही बनवील त्यानं आपलंही खुलं ठेवायचं. अंधशाळेला टॅब देणारे तिथंच अडले, त्यांना आपलं खुलं करायचं नव्हतं. दादा म्हणाले, "वहिनी, अट सैल करू. पण ज्यानं ज्यानं हातभार लावला, त्या प्रत्येकाचा होकार पाहिजे. जो नाही म्हणंल त्याचं काम काढून टाकावं लागंल."

मंदा मागच्या थंडीत वारली होती.

*

कोड लिहिणाऱ्यांतला एक आता पुण्यात नोकरीला. त्याला फोन लावला.

"काकू, मी नुसता एक स्वल्पविराम नीट केलता."

"तरी होकार लागतोय, बाबा."

तर म्हणतो, "आईला विचारून सांगतो."

*

तेलगावात, आवाज देणाऱ्यांतल्या सुनंदाचं घर विचारत गेले. सासू म्हणाली, "या नावाचं हितं कुणी न्हाई." तेवढ्यात घागर घेऊन सुनंदाच समोर आली. लग्नात नाव बदललेलं, आता वैष्णवी.

होकाराखाली जुन्या नावाची सही लागत होती. पेन धरून कितीतरी वेळ बसली. म्हणाली, "ताई, तिची सही कशी होती, ते आठवंना."

*

एकीचा नवरा दारातच आडवा. "आणा हिकडं, मी करतो सही."

म्हटलं, "भाऊ, जिचा आवाज तिचीच सही लागते."

"घरात हिचा आवाज हाय कुठं?"

आतून भाकरी थापता थापता ती म्हणाली, "फोनात हाय."

तो बाजूला झाला.

*

मंदाच्या गावाला, युसूफ वडगावला, जायचं मी टाळत होते. तिच्या मागं एकटी तिची आई, होकार आता तिनंच द्यायचा. शेंगा फोडत बसली होती. सगळं सांगितलं, तर मान हलवून म्हणाली, "गेलेल्या लेकराचं काही वाटीत न्हाईत, बाई. मी न्हाई देत."

परीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. म्हटलं, "मावशी, काय लिहिलंय ते ऐकून तर घ्या."

तिला वाचता येत नव्हतं. अशांना मी तो मजकूर ॲपवरच ऐकवायचे. घाईघाईत बटण दाबलं. फोन सकाळी परीच्या हातात होता, हे ध्यानातच नाही आलं.

"नमस्कार," फोनातून मंदा बोलली. "दिलेला आवाज नव्या अटीवर वापरायला तुमची परवानगी आहे का?"

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी बंद करायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

फोनावर वाकून म्हणाली, "हाय गं. तू जेवलीस का?"