नावेला हलू द्यावे, असा ठराव

शेळगावचा जयवंता सतरा वर्षं बोटीवर होता, आणि या सतरा वर्षांत तो कुठेही गेला नाही. ही थट्टा नव्हे. मुंबई बंदराबाहेर भर समुद्रात साखळदंडांनी नांगरून ठेवलेली एक दिव्याची बोट होती. जहाजांना वाट दाखवायची आणि आपण जागा सोडायची नाही, एवढंच तिचं काम. बोटीवर मोठा दिवा गोल फिरत असे. त्याच्या यंत्राला तेलपाणी करायला जयवंता होता.

गावाला मात्र बोट म्हणजे विलायत. सुट्टीवर आला की पारावर त्याची हजेरी घेतली जाई.

“मग जयवंतराव, औंदा कुठवर गेली बोट?”

“हाय तिथंच हाय.”

“म्हंजे सरकार तुला बसून राहायचा पगार देतंय.”

“बसून न्हाय. हलत हलत बसून.”

यावर पार हसे, आणि जयवंताही हसे. चिडणं त्याला जमत नसे.

१९५६ च्या उन्हाळ्यात तो लांब रजेवर आला तो परत न जाण्याच्या विचाराने. विचार त्याचा होता की त्याच्या बायकोचा, हे विचारण्याची गरज नव्हती. फुलाबाईने सासू-सासऱ्यांचं आजारपण एकटीने काढलं होतं आणि अर्ध्या एकरात वांगी-गवार करून बाजार गाठला होता. तिने त्याला ओसरीवर बसवून सांगितलं, “सतरा वर्सांत नवऱ्यापेक्षा पोस्टमन जास्त येळा बघितला म्या. हितं काम मिळालं तर ऱ्हावा. न्हाय मिळालं तर जावा, पर मग परत येऊ नगा. दर येळेला नव्यानं वळख करून घ्यायचं माझं वय न्हाय ऱ्हायलं.”

बंदराच्या कचेरीचं पत्र होतं: भाऊबीजेनंतर चार दिवसांत हजर व्हावे, न झाल्यास जागा दुसऱ्यास देण्यात येईल. फुलाबाईने ते पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ते कुठे आहे हे ती एक दिवसही विसरली नाही.

काम मिळण्याजोगी जागा पंचक्रोशीत एकच होती. इंदापूरच्या वरच्या अंगाला भीमेच्या काठी आमच्या सहकारी सोसायटीने पाणी उपसायला इंजिन आणलं होतं. नदीची पातळी वर्षभर चढउतार करते, म्हणून इंजिन काठावर न ठेवता नावेवर ठेवायचं ठरलं. पलीकडच्या तीरावर बैलगाड्या नेणारी एक जुनी रुंद नाव होती. ती घेतली, चार साखळ्यांनी नदीत बांधली आणि तिच्यावर यंत्र बसवलं. इथवर सगळं शहाणपणाचं होतं.

पुढचं शहाणपण आमचे चेअरमन आबासाहेब यांचं. पाणी खोल होतं नावेच्या मागच्या टोकाला, म्हणून पंप तिथे बसला. इंजिन त्याला लागून बसवायला हवं होतं. पण मग ते काठावरून दिसलं नसतं. आबासाहेबांचं म्हणणं पडलं की सभासदांनी काय नुसता पाइप बघायचा? तेव्हा इंजिन पुढच्या टोकाला, काठाकडे तोंड करून बसलं. दोहोंना जोडायला लांबलचक लोखंडी दांडा घालावा लागला आणि तो अधांतरी राहू नये म्हणून मध्ये एक बेअरिंग आलं, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते पितळी कडं. बारामतीच्या एका वर्कशॉपातल्या दत्तोबा मिस्त्रींनी ते नावेच्या तळाला सहा बोल्टांनी असं आवळलं की ते नावेचंच हाड वाटावं.

पहिलं बेअरिंग अकरा दिवस टिकलं. दुसरं आठ. तिसऱ्याच्या वेळी दत्तोबांनी सहाचे दहा बोल्ट केले, आणि ते पाच दिवसांत तडकलं.

मी तेव्हा सोसायटीत नवा कारकून होतो. कॉमर्स शिकलेला असल्यामुळे माझ्याकडे सभेचं इतिवृत्त होतं. कमिटीने या प्रश्नावर अडीच तास चर्चा केली आणि ठराव केला की, ‘यंत्र चालू असता नावेने हलू नये, अशी व्यवस्था मिस्त्रींनी करावी.’ सूचक आबासाहेब, मंजूर सर्वानुमते. भीमा नदीला प्रत पाठवायची तेवढी राहिली.

अशा वेळी जयवंता काम मागायला आला. नाव बघितली, ओणवा होऊन कान लावून दांड्याचा आवाज ऐकला, आणि म्हणाला, “बेअरिंगचा काय बी दोस न्हाय. नाव वाकतीय.”

“लाकडी नाव वाकती व्हय?” दत्तोबा म्हणाले. “ती काय पापड हाय?”

“लाट आली की पोट उचलतं, मिस्त्री. डोळ्याला दिसत न्हाय, पर बेअरिंगला कळतं. तुमी त्याला आवळून धरलंय. खालनं नाव ढकलती, वरनं दांडा दाबतो. ते बिचारं जाईल कुठं?”

“मग काय सैल सोडू?”

“सैल न्हाय. मऊ.”

त्याच्या दिव्याच्या बोटीवर, फिरत्या दिव्याच्या बेअरिंगखाली रबराच्या जाड गाद्या होत्या. समुद्र बोटीला पिळून काढे, पण तो पीळ गादीत मुरे आणि दिवा आपला फिरत राही. भीमेकाठी तसलं रबर कुठलं? जयवंताने जुन्या मोटेचं चामडं आणलं. विहिरीतून बैलांकरवी पाणी ओढणाऱ्या चामडी मोटा तेव्हा घरोघर होत्या आणि फाटलेल्या तर प्रत्येक गोठ्यात. त्याने चामड्याचे तळहाताएवढे तुकडे कापले, तीन दिवस एरंडेलात भिजवले, दोन थरांमध्ये ट्रकच्या टायरची पट्टी घातली आणि त्या गादीवर बेअरिंग बसवलं. दहा बोल्टांतले सहा काढले. उरलेले चार गादी दबेल एवढेच फिरवले आणि सुटू नयेत म्हणून नटावर दुसरा नट चढवला.

ते बेअरिंग सबंध भाद्रपद चाललं. पितृपक्षातही चाललं. जयवंता रोज हात लावून बघे, गरम होत नसे. आबासाहेबांनी त्याला नावेवर तात्पुरता ठेवला आणि कायम करण्याचा विषय दसऱ्यानंतरच्या सभेत घेऊ म्हणाले. चांगली गोष्ट ताबडतोब केली तर सोसायटीची शिस्त बिघडते. फुलाबाईने पत्र डब्यामागेच ठेवलं. फेकलं नाही.

खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा. सोसायटीचं अवजार म्हणजे इंजिन. पुण्याचे एक साहेब पाहुणे म्हणून ठरले, फोटोवाला ठरला, आणि आदल्या दिवशी आबासाहेब व्यवस्था बघायला नावेवर आले. त्यांची नजर गादीवर गेली.

“हे काय रे?”

“मोटंचं चामडं, आबा.”

“म्हंजे उद्या साहेब नारळ फोडणार, भटजी मंत्र म्हणणार, आणि देवाच्या खाली चामडं?”

“आबा, ह्याच मोटंचं पाणी तुमच्या देवघरात जातंय की. तीन पिढ्या.”

“ते पाणी असतं. हे चामडं हाय.”

हा भेद फारच सूक्ष्म होता. दत्तोबांना बरंच वाटलं. त्यांनी त्याच संध्याकाळी गाद्या काढल्या, खाली सागवानी फळी ठोकली, तिला तांबडा रंग दिला आणि दहाच्या दहा बोल्ट परत घातले. शेवटची फिरकी द्यायला पान्यात पाइप अडकवून दोघं जण लोंबकळले.

जयवंता काठावरून म्हणाला, “मिस्त्री, उद्या मशीन चालवू नगा. नुसती पूजा करा.”

“तू तुझ्या समुद्रात सांग. हितं नदी हाय.”

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळांत इंजिन नवरदेवासारखं दिसत होतं. पूजा झाली. साहेबांनी नारळ फोडला. मग फोटोवाल्याने काठावर तिपाई लावून सर्वांना पुढे यायला सांगितलं. कमिटी, पाहुणे, भटजी, दोन माजी चेअरमन आणि आयुष्यात एकदाही सभेला न आलेले सात सभासद नावेच्या पुढच्या टोकाला गोळा झाले. नाव पुढे दबली. मागच्या टोकाला, तोल सावरायला म्हणून, जयवंता एकटा जाऊन उभा राहिला. सतरा वर्षांची सवय. त्यामुळे तो फोटोत नाही.

“इंजिन चालू असलं पाहिजे,” आबासाहेब म्हणाले. “फोटोत धूर दिसू द्या.”

इंजिन चालू झालं. पुढे वीस माणसांचा भार, मागे पंप, वर दहा बोल्टांनी जखडलेला दांडा. अर्ध्या मिनिटात तांबडा रंग उकळू लागला. डुकराच्या पिलाला पकडावं तसा आवाज झाला, आणि बेअरिंग फुटून त्याचा वरचा भाग साहेबांच्या पायाजवळून उडून भीमेत गेला. धूर मात्र फोटोत उत्तम आला.

सोसायटीच्या कचेरीत दुसऱ्याच दिवशी चौकशी झाली. दत्तोबांनी साक्ष दिली की महिनाभर चामड्यावर राहिल्याने यंत्राला मऊपणाची सवय लागली आणि मजबूत बैठक त्याला सोसली नाही. कमिटीने ही कारणमीमांसा मान्य केली. ठराव माझ्याच अक्षरात आहे: ‘चामड्याच्या वापरामुळे यंत्राचे नुकसान झाले, सबब जयवंता यांस कामावरून कमी करण्यात येत आहे.’ मी तो खाडाखोड न करता लिहिला. कारकुनाने ठरावावर मत द्यायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते सोयीचं होतं.

जयवंता घरी गेला. फुलाबाईने पत्र डब्यामागून काढून त्याच्या पिशवीवर ठेवलं.

इकडे दत्तोबांनी नवं बेअरिंग बसवलं. दोन दिवसांत गेलं. शेवटचं एक बेअरिंग उरलं आणि बारामतीहून नवीन यायला महिना लागणार होता. तीस सभासदांच्या उसाची लागण झालेली, कोंब वर आलेले, वर ऑक्टोबरचं ऊन. पाटावर पहिलं शेत आबासाहेबांचं होतं, त्यामुळे पाण्याची निकड त्यांना लवकर कळली. वसुबारसेला ते मला आणि इतिवृत्ताचं बुक जीपमध्ये घालून शेळगावला निघाले.

जयवंता ओसरीवर पिशवी शिवत होता. तिचा बंद तुटला होता.

“झालं गेलं सोड,” आबासाहेब म्हणाले. “चल नावेवर.”

जयवंता उठायलाच लागला होता. तो तसा माणूसच होता. फुलाबाई दारात आली आणि म्हणाली, “बसा तुमी.” तो बसला. मग ती आबासाहेबांकडे वळली. डोक्यावरचा पदर सावरून, अगदी अदबीने.

“आबा, ह्यांनी चामडं घालायचं, तुमी काढायचं, आन मोडलं की ह्यांनाच काढायचं. असं किती डाव करायचं?”

“ह्या वेळी कोण काढतंय?”

“म्होरल्या खंडेनवमीला काढशीला. भाऊबीज झाली की ह्यांना मुंबैला जायाचंय. ऱ्हायाचं तर कागदावर ऱ्हातील. कायमचं लिवा, आन त्या गादीला ह्यांच्या बिगर कुणी हात लावायचा न्हाय, ते बी लिवा.”

“फुलाबाई, ठराव असा ओसरीवर होत नसतो. कमिटी लागते.”

“मग कमिटी आणा. च्या ठेवते.”

आबासाहेबांनी अंगणातल्या उन्हाकडे बघितलं. पाटावरचं पहिलं शेत त्यांच्या डोळ्यांसमोर असावं. मग मला म्हणाले, “लिहा. सह्या मी घेतो. फक्त चामडं हा शब्द नको.”

मी लिहिलं: ‘मधल्या बेअरिंगास मऊ बैठक देण्यात यावी. ती जयवंता यांच्या अनुमतीवाचून कोणीही काढू नये. त्यांस कायम करण्यात येत आहे. तसेच यंत्र चालू असता नावेस आवश्यक तेवढे हलू द्यावे.’ शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. ते मी आपणहून घातलं. सोसायटीच्या नोकरीत माझ्या हातून झालेलं तेवढंच एक गैरवर्तन.

फुलाबाईने ते मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पहिल्या वेळचेच शब्द येतात की नाही ते.

त्याच दुपारी आम्ही नावेवर गेलो. फुलाबाईही आली. नाव कशी असते ते तिला बघायचं होतं. जयवंताने तांबडी फळी उपटून नदीत सोडली आणि गाद्या बसवल्या. दांडा फिरवून बघितला. एका अंगाला किंचित खाली होता, नखभर.

“पातळ काय तरी पायजे,” तो म्हणाला. “जाड कागद चालंल.”

दत्तोबांनी खिसे चाचपले. मी बुक छातीशी धरलं. फुलाबाईने कनवटीला हात घातला आणि निघताना त्याच्या पिशवीवरून उचललेलं बंदराच्या कचेरीचं पत्र काढलं. चांगलं जाड, शिक्क्याचं, घडी घातलेलं. जयवंताने ते बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणखी एक घडी घातली, तेलात बुडवलं आणि गादीखाली सारलं. मग नटावर नट चढवला.

इंजिन चालू झालं. नाव हलत होती. फुलाबाई कठड्याला घट्ट धरून उभी होती. तिला हे हलणं मुळीच आवडलेलं नव्हतं.

“सतरा वर्सं असंच?” तिने विचारलं.

“ह्याच्यापेक्षा लई.”

काठावर उतरताना तिने त्याचा हात धरला, आणि आबासाहेब बघत असतानाही सोडला नाही.