समाधानची उतरवणी

समाधान ओव्हाळचा आवाज त्याच्या ग्राइंडरपेक्षा मोठा आहे आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात. कात्रजला डेअरीच्या मागच्या अंगाला त्याची पत्र्याची शेड आहे. माझी स्कूटर टेलिफोन खात्यातल्या माझ्या नोकरीइतकी जुनी. नोकरी सुटली, स्कूटर सुटली नाही. तिच्यासाठी मी सदाशिव पेठेतून इतक्या लांब जाते याचं आमच्या सोसायटीला नवल वाटतं. पेठेतले मेकॅनिक ‘भंगारात काढा’ म्हणतात. समाधान म्हणतो, “कल्याणीताई, आधी तुम्ही जाता की ही, बघू या.” मला असला माणूस आवडतो.

त्याचं नाव झालं ते मात्र जुन्या मोटरसायकली पालटण्यात. आयटीतली पोरं आजोबांच्या, मामांच्या गाड्या आणतात आणि ‘कॅफे रेसर’ करून मागतात. म्हणजे काय, ते त्याने मला एकदा खडूने फरशीवर काढून दाखवलं. हँडल खाली पाडायचं, पाय ठेवायच्या जागा मागे न्यायच्या, म्हणजे चालवणारा टाकीवर ओणवा होतो. लांब सीट काढून एकट्यापुरती करायची आणि चेसीचं, म्हणजे सांगाड्याचं, मागचं टोक कापून टाकायचं. थोडक्यात, डबलसीट बंद. ज्या शहरातले निम्मे संसार डबलसीट झाले, तिथे माणसं पदरमोड करून मागची जागा कापून घेतात. मी हे म्हटलं तेव्हा समाधान हसला नाही.

“म्हणून तर मी आधी उतरवतो,” तो म्हणाला.

ही त्याची पद्धत. सुरुवातीला त्याने एका गृहस्थांची गाडी कापली. न्यायला आले तेव्हा सोबत त्यांची लेक होती. जन्मभर बापाच्या मागे बसलेली, कॉलेजात जाणारी मुलगी. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती गाडीभोवती फिरली, जिथे सीट होती तिथे हवेत हात ठेवला आणि भर शेडमध्ये रडली. समाधानला ते लागलं. तेव्हापासून चेसीला ग्राइंडर लावायच्या आधी तो मागे बसणाऱ्याला बोलावतो. त्याला शेवटचं बसवायचं, मालकाने शेडपासून कोपऱ्यावरच्या वडापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. मग समाधान समोर उभा राहून म्हणतो, “उतरा.” माणूस उतरला की कापाकापी सुरू.

आयटीतल्या पोरांना वाटतं, हा काहीतरी विधी आहे. ते व्हिडिओ काढतात. समाधान चिडतो. त्याचे वडील भीमराव खडकीच्या कारखान्यात होते. भूत, नवस, अंगारा, दोरा हे शब्दही त्यांनी घरात येऊ दिले नाहीत. शेडमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत. लिंबू-मिरची शोधून सापडायची नाही. “यात देवधर्म कसला?” तो ओरडतो. “रीत आहे. बसलेल्याला न सांगता खालची जागा काढायची नसते.”

वडिलांची गाडी पालटून घ्यायची म्हणून आमोदला त्याच्याकडे मीच नेलं. आमोद म्हणजे माझ्या शेजारच्या मंदाताईंचा मुलगा. त्याचे वडील श्रीनिवासराव जाऊन बराच काळ झाला होता आणि त्यांची येझदी मोटरसायकल खाली पार्किंगमध्ये कापडाखाली उभी होती. मंदाताई रोज संध्याकाळी खाली जाऊन ती पुसायच्या. पुसता पुसता बोलायच्याही. मला वाटायचं, बाई एकटी पडली आहे, बोलेना का. मी तर स्वयंपाकघरात कुकरशी भांडते.

उतरवणीला मंदाताई चांगली साडी नेसून आल्या. गुडघे दुखत होते, तरी एका बाजूला पाय सोडून सराईतपणे बसल्या. आमोद पुढे बसला. त्या त्याच्या पाठीला टोचून म्हणाल्या, “लहानपणी टाकीवर बसायचास ना, तसा जरा पुढे सरक. त्यांना अडचण होते.”

समाधान खदखदून हसला. मीही हसले. आमोदही हसला आणि पुढे सरकला.

वडापर्यंत जाऊन गाडी परत आली. समाधानने “उतरा, मंदाताई” म्हटलं, त्या उतरल्या, सीटवरून एकदा हात फिरवला आणि रिक्षाने घरी गेल्या. चेसी कापली गेली.

गाडी झाली सुरेख. मला त्यातलं काही कळत नाही, पण काळी टाकी आणि तपकिरी रेक्झिनची ती छोटी सीट बघून मीसुद्धा ‘वा’ म्हणाले. समाधानच तेवढा गप्प होता. त्याचं गप्प असणं इतकं दुर्मीळ की मला तेच आधी खटकलं.

“हे बघा,” तो म्हणाला. साइड स्टँडवर उभ्या गाडीचे मागचे शॉकअप अर्धे दबलेले होते, जसे कुणी वर बसल्यावर दबतात. “नवीन टाकले, बदलले, पुन्हा बदलले. मेन स्टँडवर घेतली की सरळ होतात. खाली उतरवली की थोडा वेळ ठीक, मग हळूच बसतात. आणि ही सीट. काल संध्याकाळी ठोकून बसवली. अजून कुणी टेकलं नाही.”

नव्याकोऱ्या सीटला मधोमध खळगा होता. मी हात लावला. पत्र्याची शेड, कडक ऊन, सगळंच तापलेलं. पण खळगा नुसता तापलेला नव्हता. बसमध्ये कुणी उठल्यावर त्या जागेवर बसलं की जे लागतं ना, ते होतं. मी हात काढून पदराला पुसला.

“फोम हलका असेल,” मी म्हणाले.

“असेल,” समाधान म्हणाला. दोघांनाही ते पटलं नाही.

आमोद गाडी घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यांत बदलत गेला. आधी तक्रार करायचा की गाडी चाळिसाच्या वर जात नाही. श्रीनिवासराव जन्मात चाळिसाच्या वर गेले नव्हते. सायकलवाले त्यांना मागे टाकून हात करायचे, असं आम्ही म्हणायचो. मग म्हणू लागला, चौकात हँडल आपोआप पेठेकडे वळतं. आणि मग तक्रार करणं बंद झालं. ऑफिस सुटलं की गाडीवर, सुट्टी असली की गाडीवर. जेवण तुटलं, गाल बसले. पण चेहऱ्यावर असं काही सुख, की मला बघवेना.

एकदा जिन्यात मी त्याला अडवलं. “काय चाललंय तुझं?”

“मावशी, खाली वाकून चालवावी लागते ना ती,” तो हळूच म्हणाला, “तेव्हा बाबा माझ्यावरून वाकतात. दोन्ही बाजूंनी हात येतात. माझ्या हातांवर ठेवतात. टाकीवर बसायचो तेव्हा ठेवायचे तसे.” मग हसला. “मोठा झाल्यावर त्यांनी मला कधी हात लावला नाही. तुम्हाला माहितीये बाबा कसे होते.”

माहीत होतं. मला भीती वाटली, हे साफ सांगते. त्याला वेड लागलंय याची वाटली असती तर बरं झालं असतं. मला वाटली ती त्याचं खरं असल्याची.

त्यानंतर आमोद घाटाकडे जायला निघाला असताना कात्रजच्या चौकात गाडी टेम्पोवर गेली. याने उजवीकडे वळवलं, हँडल घराकडे वळलं. एका हँडलला दोन धनी. गळ्याखालचं हाड मोडलं, डोकं थोडक्यात वाचलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर याचं पहिलं वाक्य काय, तर गाडी कधी मिळेल. “बाबांनी घट्ट धरलं होतं,” म्हणाला. “पुन्हा पडलो तरी धरतील.”

मंदाताई बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “हा त्यांच्याबरोबर जाईल गं,” एवढंच म्हणाल्या.

मी समाधानला फोन केला आणि सगळं सांगितलं. वाटलं, आवाज चढवून उडवून लावेल. त्याने ग्राइंडर बंद केला. मग म्हणाला, “ताई, चूक माझी. मी मागच्याला उतरवलं. पुढच्याला विचारलंच नाही. पुढे आमोद आहे, असं धरून चाललो.”

“तू मानतोस हे?”

“मानायचा प्रश्न नाही. सांगायचं राहिलं ते राहिलं.”

पण सांगणार कोण? श्रीनिवासराव सोसायटीच्या सभेत अध्यक्षांचं ऐकत नसत, तिथे समाधानला काय जुमानणार. ते आयुष्यात एकाच माणसाचं ऐकत, आणि ते माणूस दवाखान्याच्या बाकावर बसलं होतं.

आमोदला दवाखान्यातून घरी सोडल्यावर काही दिवसांनी मंदाताई आणि मी कात्रजला गेलो. भर दुपार होती. आमोद हात गळ्यातल्या झोळीत अडकवून आमच्याआधीच रिक्षाने आला होता. गाडी दुरुस्त होऊन शेडच्या मध्यभागी साइड स्टँडवर उभी होती. शॉकअप दबलेले होते. समाधानने आजूबाजूचं सगळं बंद केलं, ग्राइंडर, रेडिओ, पंखासुद्धा. ती शेड शांत मी पहिल्यांदाच ऐकली.

“आई, नको,” आमोद म्हणाला. तो लहान मुलासारखा गाडीच्या आड उभा होता. “राहू दे ना त्यांना. मी घाटात नाही जाणार. हळू चालवीन.”

मंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं. त्या गाडीपुढे गेल्या, दिव्याशी, जिथे उतरवणीला समाधान उभा राहतो तिथे. सीटच्या थोडं वर, माणसाचा चेहरा असेल तिथे बघत म्हणाल्या, “अहो.”

गाडीचं हँडल सरळ झालं. कुणी हाक मारल्यावर मान वर करावी, इतकंच. समाधानने माझा दंड धरला.

“रोज संध्याकाळी येत होते ना मी खाली?” मंदाताई म्हणाल्या. “मला वाटायचं, मी मनाचं समाधान करून घेते. तुम्ही आहात हे मला पोर पडल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर याला गाडीला हातच लावू दिला नसता. मागे बसून राहिले असते तुमच्या.” त्यांनी पदर कमरेला खोचला. “पण आता गाडी एकट्याची झाली आहे. तिथे आमोद बसतो. त्याला जगायचंय. उतरा तुम्ही.”

काहीच झालं नाही. बाहेर रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला.

“उतरा म्हणते ना,” मंदाताई म्हणाल्या. जेवायला बसा म्हणाव्यात, त्या स्वरात.

मग शॉकअप वर आले. सावकाश, गुडघेदुखीचा माणूस पाय पलीकडे टाकतो तेवढा वेळ घेऊन. सीटचा खळगा भरत गेला आणि रेक्झिन सपाट झालं. आमोदने धावत जाऊन चांगला हात सीटवर ठेवला. “गार आहे,” म्हणाला. मग टाकीवर डोकं ठेवून त्याने जो हंबरडा फोडला, तो बाप गेला त्या दिवशी फोडायचा राहिला होता.

मंदाताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माणूस उठून गेल्यावर त्याची जागा रिकामी दिसते, तशी त्यांची नजर होती. आपण काय केलं हे त्यांना पुरतं कळलं होतं. एकदा मरणाने नवरा नेला, एकदा स्वतःच्या तोंडाने पाठवला. “मला घरी ने, कल्याणी,” त्या म्हणाल्या.

आमोदला थोडा वेळ बसू दे, मी त्याला पोचवतो, असं समाधानने सांगितलं. मी स्कूटर काढली. मंदाताई मागे बसल्या. मी किक मारणार, तोच त्या चाचरत म्हणाल्या, “कल्याणी, जरा पुढे सरकतेस?”

मी सरकले. त्याही माझ्यामागून पुढे सरकल्या आणि त्यांनी मागे बरीच जागा करून दिली. मग स्कूटर मागून आणखी खाली बसली. त्यांनी माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि तेव्हा कुठे त्या रडल्या.

मला वळून बघायचं धैर्य झालं नाही. समाधान दारात उभा होता. तो माझ्या मागच्या चाकाकडे बघत होता. त्याने हवेची नळी ओढत आणली, खाली बसला आणि चाकात हवा भरू लागला. भरत राहिला.

“दोघींना एवढी कशाला?” मी विचारलं.

“रस्ता खराब आहे, ताई,” समाधान म्हणाला, आणि वाकून त्याने डबलसीटची दोन्ही पायदाणं नीट उघडून दिली.