रुमालाखाली ठरलेलं

गेल्या बाजाराच्या दिवशी सिरसाळ्यात, आमच्या घराच्या ओट्यावर, दादांनी माझ्याशी एक सौदा केला. समोर नाना बसले होते, आत्या होती, दारात आई होती. सगळ्यांच्या देखत झाला आणि कुणाला कळला नाही.

दादा म्हणजे माझे वडील. बैलबाजारातले दलाल. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा राहिला... 'हां'.

मी तेव्हा फ्रान्समध्ये होते. इंटरनॅशनल बिझनेसमध्ये मास्टर्स करते आहे, डबल डिग्री. पहिलं वर्ष फ्रान्स, दुसरं जर्मनी. पहिल्या वर्षावर थांबून प्रबंध घरून लिहिला तर एक पदवी मिळते. दुसऱ्या वर्षाला गेलं तर दोन.

परीक्षा संपवून आले. तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता. मी थांबायचं की जायचं.

नाना म्हणजे माझे चुलते. ते सकाळी खाटेजवळ बसून विचारायचे, "दादा, पोरीनं आता घरीच ऱ्हावं, न्हाई का?" दादा म्हणायचे, "हां." नाना माझ्याकडे बघायचे. "ऐकलं का? लई झालं शिक्षण."

दुपारी आत्या यायची. "दादा, पोरीला जाऊ द्यावं, न्हाई का?" "हां."

आई आतून म्हणायची, "तुमी कावून इचारताव त्यास्नी? ते कावळ्यालाबी हां म्हनतेत." सगळे हसायचे.

मी मात्र विचारलं नव्हतं. उत्तर 'हां' आलं असतं आणि मी ते मला सोयीचं तसं ऐकलं असतं.

बाजाराच्या दिवशी आई अजूनही दादांच्या खांद्यावर त्यांचा मोठा पांढरा रुमाल टाकते आणि त्यांना ओट्यावर आणून बसवते. बैल घेऊन जाणारे लोक थांबतात, जयभीम घालतात. दादा डावा हात उचलतात. बाजार पुढे निघून जातो.

बैलबाजारात भाव तोंडाने होत नाही. दोन हात रुमालाखाली जातात आणि बोटं बोलतात. जितकी बोटं धरली तितका भाव. हात झटकला तर नामंजूर, मूठ आवळली तर सौदा पक्का.

लहानपणी मी दादांना विचारलं होतं, हे लपवायचं कशाला? ते म्हणाले होते, "चार लोकांत माणसाला न्हाई म्हनता येत न्हाई, बाळा. रुमालाखाली येतं."

घरी त्याचा खेळ झाला होता. जेवायच्या वेळी ते रुमाल टाकायचे आणि मी बोटं धरून विचारायचे, किती भाकरी? फ्रान्समध्ये वाटाघाटींच्या तासाला मी मैत्रिणीचा स्कार्फ घेऊन हे करून दाखवलं होतं. सगळ्यांना गंमत वाटली. मीही गंमत म्हणूनच सांगितलं होतं...

त्या दिवशी मी दादांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून त्यांच्या मांडीवर पसरला. उजवा हात तसाच पडून राहिला. सौदा उजव्या हाताने होतो. मी वाट पाहिली. मग डावा हात सरकत रुमालाखाली आला.

नाना हसले. "घ्या! बाप-लेकीचा बाजार भरला."

मी आधी खेळातलंच विचारलं. किती भाकरी? दादांच्या हाताने माझं एक बोट धरलं. मग दुसरं, अर्ध्यावर.

दीड. आई त्यांना रोज एकच कुस्करून देत होती.

म्हणजे या हाताची भाषा गेली नव्हती. मी त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, एक म्हणजे मी घरी. दोन म्हणजे मी जाते. आणि माझा भाव मीच आधी सांगितला. त्यांचं एक बोट धरलं.

दादांनी हात झटकला.

झटका आल्यापासून त्यांच्याकडून आलेलं हे पहिलं 'नाही' होतं. मी पुन्हा एकच बोट धरलं, घट्ट. त्यांनी असा झटकला की रुमाल हलला... मग माझी दोन बोटं धरली. आणि डाव्या हातात होती नव्हती ती सगळी ताकद लावून मूठ आवळली.

"काय ठरलं?" नानांनी विचारलं. "ऱ्हायली ना पोरगी?"

"हां," दादा म्हणाले.

नाना खूश झाले. त्यांना मी संध्याकाळी सांगितलं. ते रागावले, मग दादांकडे बघत बसले.

आईला लगेच सांगितलं, आत जाऊन. आधी भाकरीचं, मग दुसरं. ती परातीकडे वळली. "मग पीठ जास्तीचं घ्याया पायजे," एवढंच म्हणाली.

परवा निघते आहे. इतके दिवस ज्यांनी विचारपूस केली, घरी येऊन बसले, त्यांची मी ऋणी आहे. मी नसताना येत राहा. काही खरं विचारायचं असेल तर दादांचा हात हातात घ्या, वर रुमाल टाका.

मला तिकडून ते करता येणार नाही. बरं वाटतंय का, फोनवर विचारेन. 'हां' येईल. दुखतंय का, विचारेन. 'हां' येईल. वर्षभर माझ्या वाट्याला तेवढाच एक शब्द आहे...

मूठ आवळली तेव्हा हे दादांना माहीत होतं.