शेठच्या सहीची पत्रं

सुरतेतल्या एका कापडाच्या मिलच्या शेठचं मन मी लिहिते. म्हणजे त्यांच्या नावाने फोनवर जे विचार फिरतात, ते माझे असतात; त्यांच्या सहीने जाणारी पत्रंही. हे कुणाला सांगायचं नाही असा करार आहे. घरचे समजतात, मी भाषांतरं करते.

एकदा लिहिलं, ‘माझ्या कामगाराचं दुखणं ते माझं दुखणं. त्याने मला निःसंकोच पत्र लिहावं.’ शेठना ते इतकं आवडलं, की त्यांनी कामगारांच्या ग्रुपवरही टाकलं.

आता त्याच मिलमध्ये, इच्छापोरला, माझा मामा रंगाईच्या मशीनवर आहे. धुळ्याकडून आला तेव्हापासून उभाच. गुडघे पार गेलेत. तो सुरतेतच, पर्वत पाटिया भागात माझ्या घरी आला, फोन पुढे धरला आणि म्हणाला, शेठ स्वतः विचारताहेत तर लिहून टाक, कापडाच्या घड्या घालतात त्या घडी खात्यात बसायचं काम द्या म्हणून. मी म्हटलं, अरे मामा, असलं लिहायचं म्हणून लिहितात. तर माझ्यावरच उखडला. एवढ्या मोठ्या माणसाला खोटं लिहायची काय गरज पडलीय? खोटं लिहिणारी त्याच्या समोरच बसली होती, कपाळ!

अर्ज लिहून दिला. शेठसाठी लिहिते त्याहून साधा, आणि खरा.

चौथ्या दिवशी तोच अर्ज शेठच्या ऑफिसातून माझ्या फोनवर आला. खाली सूचना होती, नाही सांगा, पण गोडीत. मी शेठना फोन करून विचारलं, एकाला बसायचं काम नाहीच का देता येणार? ते म्हणाले, एकाला बसवलं की उद्या सगळे गुडघे धरून येतील. अर्ज माझ्या मामाचा आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. भ्याले, दुसरं काय. ‘तुमच्या अनुभवी हातांशिवाय आमचा रंग फिका पडेल’ असलं काहीबाही लिहिलं. लाज वाटत होती, तरी ते वाक्य मी दोनदा सुधारलं.

रविवारी मामा ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आला. मला मोठ्याने वाचायला लावलं. नकाराच्या ओळीशी मी अडखळले. मामा गुडघे चोळत ऐकत होता.

“माणूस चांगला शे,” तो म्हणाला. “कितल्या मायेनं नाही म्हणना.”

मग म्हणाला, आता आभाराचं पत्र लिहून दे. मी कागद पुढे ओढला.