अणूचा विटाळ

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी पुण्यात अणुगर्भाच्या सिद्धान्तावर संशोधन करत होते. म्हणजे काय, तर कागद, पेन्सिल आणि डोकेफोड. अणूच्या गाभ्यातलं द्रव्य कडा नसलेलं, अफाट पसरलेलं आहे असं धरायचं आणि ते दाबलं तर त्यातून नवे कण कसे जन्मतात, याची गणितं मांडायची. ते द्रव्य मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हते.

सुट्टीत नाशिकरोडला घरी आले. वहिनी माहेरून दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. मी आत्या झाले होते! हाताने शिवलेलं झबलं आणलं होतं.

"आण गं इकडं माझ्या राजाला."

"झोपलाय, ताई."

कसला झोपलाय! टकामका बघत होता. संध्याकाळी म्हणाली, दूध पाजायचंय. दुसऱ्या दिवशी, सर्दी झालीय. माझं नवंकोरं झबलं मात्र परत परत धुऊन दोरीवर वाळत होतं. माझं डोकंच फिरलं.

"मी काय चेटकीण आहे का गं?"

वहिनी रडकुंडीला आली. "रागावू नका, ताई. तुमचं ते अणूचं काम... बाळाला काही झालं म्हणजे?"

मला हसूच आलं. तिकडे राजस्थानात स्फोट झाल्यापासून अणू म्हटलं की लोकांना बॉम्बच दिसायचा. "अगं, मी नुसती गणितं करते! आई, सांग ना हिला."

आईने माझा पाण्याचा पेला उचलला आणि मोरीजवळच्या फळीवर ठेवला. माझं ताट, माझी वाटी तिथंच होती. सगळ्यांच्या भांड्यांपासून वेगळी.

तेवढ्यात अण्णा, माझे वडील, एकलहऱ्याहून, वीजकेंद्रातली पाळी संपवून आले. फळी बघून दारातच थिजले. गावच्या हॉटेलाबाहेर आमच्या जातीच्या लोकांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी विसळून चहा प्यायलेला माणूस तो.

"आपल्या घरात?" ते ओरडले. "वेगळं भांडं? आपल्या घरात?"

त्याच पेल्यात पाणी घेऊन ते घटाघटा प्यायले. आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. वहिनीने मान खाली घातली.

मला भरून आलं. वाटलं, मिटलं एकदाचं. डोळे पुसले आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

अण्णा मध्ये आले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "राहू दे पोरी. जरा मोठा होऊ दे त्याला."