डबा टाकायचा नाही

दौलत शिगवणचा हात फार लवकर सुटायचा. आखातातल्या रुवैसच्या कामगार-कॅम्पातल्या त्याच्या खोलीत असा एक माणूस नव्हता, ज्याच्या कानाखाली त्यानं कधी ना कधी जाळ काढला नव्हता. दारू प्यायला म्हणून नाही, उलट बोलला म्हणून नाही. अन्न टाकलं म्हणून! आठ जणांची मेस होती. पाळीपाळीनं रांधायचं, पहाटे साडेतीनला डाळ-भात डब्यात भरायचा, चारला बस पकडायची आणि साइटवर बाराला जेवायचं. डबा रिकामाच परत आला पाहिजे, हा दौलतचा कायदा. त्याची आई ठकुबाई खेडकडच्या वाडीवर दुसऱ्यांची भातं लावून पोरं वाढवणारी. ताटाबाहेर सांडलेलं शीत वेचून खायची ती. तिच्या पोटच्या पोराला कचऱ्यात भात बघवणार कसा?

बावीस वर्षं तो इथं रिफायनरीच्या टाक्यांभोवती पाइपांची मचाणं बांधत होता. "आमचा डबा दोन वाजेपर्यंत टिकायचा," असं छातीठोक सांगायचा. टिकतही असेल. तेव्हा पहाट जरा तरी गार असायची. आता मेमध्येच दुपारी पारा पन्नासला टेकतो, रात्रभर भिंती तापलेल्या राहतात, आणि दहाला पत्र्याच्या शेडमध्ये डबा उघडावा तर डाळीला तार सुटलेली. उन्हातल्या कामाला दुपारची सक्तीची सुट्टी पंधरा जूनपासून. ऊन काही कॅलेंडर बघून थांबत नाही. पोरं मग गुपचूप डबा ओतून द्यायची आणि एनर्जी ड्रिंक, क्रीमची बिस्किटं यांच्यावर दिवस रेटायची. सगळ्यांची गालफडं बसली. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. क्लिनिकवाल्यानं अनफिट लिहिलं तर नोकरी घालवून घरी जाणार कोण?

दौलतला हे सगळं दिसत होतं, फक्त त्यानं अर्थ भलताच लावला. पोरं जेवत नाहीत म्हणून वाळतायत, तेव्हा मारून-मुटकून जेवायला घालायचं. अरे बाबा, पण काय घालतोयस ते तरी बघ! नाही. त्यानं उपायही शोधला होता. खिशात खायच्या सोड्याची पुडी ठेवायचा. डाळ आंबली की चिमूटभर टाकायचा, फेस यायचा, आंबटपणा जायचा. झाली म्हणे डाळ ताजी!

त्या मंगळवारी रांधायची पाळी दौलतचीच होती. विघ्नेशनं डबा उघडला आणि नाक दाबलं. विघ्नेश बत्तीस वर्षांचा, दौलतच्याच वाडीतला, त्यानंच कंपनीत चिकटवलेला.

"मामा, खलास आहे ही. वास बघा."

"सोडा टाकलाय. गप गिळ."

"सकाळपासून पोटात कळा येतायत हो. नको आज."

विघ्नेश उठून कचऱ्याच्या पिंपाकडे निघाला. दौलतनं त्याला मागून कॉलर धरून ओढलं, खाली आपटलं आणि एक कानफटात ठेवून दिली. ओठ फुटला. दुसरी दिली. मग छातीवर गुडघा रोवून घास त्याच्या तोंडात कोंबला. शेडमधली सगळी माणसं जागच्या जागी बसून राहिली. उमर तेवढा ओरडला, "दौलत, सोड त्याला!" हा दापोलीचा, कंपनीची पिकअप चालवायचा. दौलतनं सोडलं नाही. रक्त लागलेला भात विघ्नेशनं शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

एक वाजता तो मचाणावर चढला. दोनपर्यंत चारदा ओकला, पातळ जुलाब झाले. घाम यायचाच बंद झाला. मग तो सुरक्षेच्या पट्ट्याला लटकला आणि त्याला झटके यायला लागले, डोकं लोखंडी पाइपावर धाडधाड आपटत होतं. दौलतनंच वर जाऊन त्याला खांद्यावर टाकून खाली आणलं. अंग असं तापलेलं, की धरवेना.

उमरनं पिकअपमधून हॉस्पिटलात पोचवलं. तिथं मल्याळी डॉक्टर बाहेर आला. "दोनों किडनी बैठ गई. सालभर से धूप में सूख रहा था, ऊपर से आज ये उलटी-जुलाब. खाया क्या था इसने?"

"मी घातलं," दौलत मराठीतच म्हणाला. "मारून घातलं."

उमरनं त्याला तिथंच कॉरिडॉरमध्ये धरला. नाकावर बुक्का मारला, खाली पाडला, बुटानं बरगड्या तुडवल्या. "हरामखोर! जनावरालापण कोणी सडकं घालत नाय!" दौलतनं साधा हातही आडवा घातला नाही. सिक्युरिटीवाल्यांनी ओढून काढेपर्यंत त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या.

विघ्नेश जगला. पण आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर, आयुष्यभर. उन्हातलं काम कायमचं बंद. तीन आठवड्यांनी कंपनीनं त्याचं शुक्रवारचं परतीचं तिकीट काढलं. आदल्या दुपारी दौलत बरगडी धरून विघ्नेशच्या कॉटपाशी गेला. कॉटवर सेहेचाळीस किलोचं काहीतरी पडलेलं, मानेत नळी. फोनवर संजना, त्याची बायको, विचारत होती की तिथं दोन घास खाल्ले का. विघ्नेश तिला हो म्हणाला आणि फोन ठेवला.

दौलतनं वाकून स्वतःचा गाल विघ्नेशपुढे केला.

"मार मला. चप्पल घे, काय पाहिजे ते घे, पण मार रे. तुझ्या पाया पडतो."

विघ्नेशनं खरंच हात उचलला. तो वीतभर वर आला आणि चादरीवर पडला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी बोटं तेवढी हलली.

"बळ आलं की मारतो, मामा," तो म्हणाला.

"ये मग परत. मी इथंच आहे."

"इन्शाल्ला," पगारवाढ मागितली की साहेब म्हणतो तसंच विघ्नेश म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं.